घेतलेले पाणी आणि परत दिलेले पाणी : कोल्हापूरच्या नगर जलव्यवस्थेची प्रस्तावना

नगर जलव्यवस्था या संज्ञेत सामान्यतः धरण, जलवाहिनी आणि घरातील नळ एवढ्याच गोष्टी गृहीत धरल्या जातात. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने ही व्याख्या अपुरी आहे. नदीतून किंवा जलाशयातून उचललेले पाणी शुद्ध होऊन घरोघरी पोहोचणे हा तिचा पूर्वार्ध असून, वापरलेले पाणी गटारांतून गोळा होऊन, प्रक्रिया होऊन, खालच्या गावाला पुन्हा वापरता येईल अशा स्थितीत नदीला परत मिळणे हा तिचा उत्तरार्ध आहे. जी व्यवस्था हे दोन्ही अर्ध पिढ्यानुपिढ्या चालवू शकते, वाढत्या लोकसंख्येला सामावून घेते आणि त्यासाठी लागणारा पैसा, वीज व मनुष्यबळ स्वतःच्या बळावर उभे करते, तिलाच शाश्वत म्हणणे योग्य ठरेल. या कसोटीवर एखाद्या मध्यम आकाराच्या भारतीय शहराची जलव्यवस्था तपासायची झाल्यास कोल्हापूरइतके बोलके उदाहरण क्वचित सापडेल, कारण या शहरावर निसर्गाने पाण्याच्या बाबतीत कधी कृपणता दाखवलेली नाही आणि तरीही त्याच्या सार्वजनिक जीवनात पाण्याचा प्रश्न दशकानुदशके पेटता राहिला आहे.

कोल्हापूर पंचगंगेच्या काठी वसले आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आणि परंपरेने त्यांच्यात मोजली जाणारी गुप्त सरस्वती यांच्या संगमातून, शहराजवळच्या प्रयाग चिखली येथे पंचगंगा आकाराला येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते. पश्चिमेला गगनबावड्याच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर शहरात तो सुमारे एक हजार मिलिमीटर असतो. म्हणजे शहराच्या गरजेचे पाणी शहरात पडत नाही. ते घाटमाथ्यावर पडते, धरणांत साठते आणि नदीवाटे खाली येते. हा भूगोल लक्षात घेतल्याशिवाय कोल्हापूरच्या पाण्याचा इतिहास उलगडत नाही.

या इतिहासाचे पहिले पर्व तळ्यांचे आहे. रंकाळा, कोटीतीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, खंबाळा अशा अनेक जलाशयांनी जुने कोल्हापूर वेढलेले होते. पावसाचे पाणी अडवणे, भोवतालच्या विहिरींची पातळी टिकवणे, जनावरांची व धुण्याची सोय करणे आणि अतिवृष्टीत पाण्याला पसरायला जागा देणे ही कामे ही तळी एकाच वेळी करीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेला कळंबा तलाव बांधण्यात आला आणि तेथून उताराने, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, पाणी शहरात आणले गेले. मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हे स्थळनाम त्या साठवण-वाटप व्यवस्थेची साक्ष आजही देते. मात्र नळाचे पाणी येताच पेठांतील तळ्यांची गरज संपल्याची भावना बळावली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आले, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले आणि कपिलतीर्थावर मंडई भरू लागली. गांधी मैदान जोरदार पावसात आजही पाण्याखाली जाते, यात जलशास्त्राच्या दृष्टीने आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. जमिनीचा उतार बदललेला नसल्याने पाणी आपल्या जुन्या जागी परत येते, एवढेच.

दुसरे पर्व राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचे आहे. कोल्हापूर संस्थानाचे पाटबंधारे धोरण त्यांनी १९०२ साली जाहीर केले आणि त्यानंतर भोगावती नदीवर राधानगरी धरणाची उभारणी हाती घेतली. आर्थिक ओढाताणीमुळे हे काम त्यांच्या हयातीत पूर्ण होऊ शकले नाही. ते स्वातंत्र्यानंतर तडीस गेले. सुमारे ८.३६ टीएमसी क्षमतेचे हे धरण आणि त्याचे स्वयंचलित दरवाजे जिल्ह्यात आजही जिव्हाळ्याचा विषय आहेत. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. या धरणातून कालवे काढण्याऐवजी पाणी नदीतच सोडायचे आणि ठिकठिकाणी अडवून शेतकऱ्यांनी ते उपसायचे, अशी रीत या खोऱ्यात रुजली आणि तिच्यातूनच महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावाने ओळखली जाणारी रचना विकसित झाली.

या बंधाऱ्याची बांधणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब उभारलेले असतात आणि प्रत्येक खांबाच्या बाजूंना उभ्या खाचा ठेवलेल्या असतात. पावसाळा सरला की या खाचांत लाकडी फळ्या, म्हणजे बर्गे, एकावर एक बसवून दोन समांतर ओळी उभ्या केल्या जातात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत माती ठासून भरली जाते. पाणी अडते, मागे फुगवटा तयार होतो आणि त्यावर शेतीचे पंप व गावांच्या पाणीयोजना उन्हाळाभर चालतात. पावसाळा तोंडावर आला की हेच बर्गे काढून ठेवले जातात आणि पूर व त्याबरोबरचा गाळ विनाअडथळा वाहून जातो. पात्र गाळाने न भरू देणारी ही युक्ती साधी असली तरी तिचे यश वेळेवर होणाऱ्या देखभालीवर अवलंबून आहे. बर्गे चोरीला गेले, कुजले किंवा वेळेत बसवले गेले नाहीत, तर भक्कम दगडी खांब उभे असूनही पाणी निघून जाते. बांधकाम एकदा होते आणि देखभाल दरवर्षी करावी लागते, हे जलव्यवस्थेचे मूलतत्त्व या खाचांइतके स्पष्टपणे अन्यत्र कोठे दिसत नाही.

तिसऱ्या पर्वात शहर नदीकडे वळले. भोगावतीवर बालिंगा व नागदेववाडी आणि पंचगंगेवर शिंगणापूर येथे उपसा केंद्रे झाली. १८५४ साली स्थापन झालेली नगरपालिका १९७२ च्या डिसेंबरमध्ये महानगरपालिका झाली, उपनगरे वाढली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात पोहोचली. याच काळात वरच्या अंगाला असलेल्या गावांचे सांडपाणी, साखर कारखान्यांतून निसटणारी मळी आणि शेतातून येणारी रासायनिक खते यांचा भार नदीवर वाढत गेला. काळ्या पडलेल्या पाण्यात तरंगणारे मेलेले मासे, पात्र झाकून टाकणारी जलपर्णी आणि उन्हाळ्यात नळाला येणारा वास यांमुळे ‘थेट पाइपलाइन’ ही मागणी आंदोलनाच्या रूपाने उभी राहिली. दूधगंगा नदीवरील सुमारे २५ टीएमसी क्षमतेच्या काळम्मावाडी धरणातून, नदीला वळसा घालून, बंद नळाने पाणी शहरात आणावे, असा तिचा आशय होता. या योजनेला २०१३ च्या अखेरीस मंजुरी मिळाली. पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीची जलवाहिनी, जलाशयालगत खोल खोदावे लागलेले जॅकवेल, म्हणजे ज्यात पाणी घेऊन पंपाने वर उचलले जाते ती विहीर, आणि वन, पाटबंधारे व रस्ते विभागांच्या परवानग्या यांत जवळपास दशक गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, हे पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचले.

या तिन्ही पर्वांतून एक सूत्र दिसते आणि तेच प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे. कोल्हापूरने प्रत्येक टंचाईला अधिक दूरच्या स्रोताने उत्तर दिले, आणि नवा स्रोत हाती येताच जुन्याची काळजी सोडून दिली. कळंब्याचे पाणी आले तेव्हा पेठांतील तळी गेली. नदीचे पाणी आले तेव्हा कळंबा मागे पडला आणि रंकाळ्यात सांडपाणी शिरू लागले. आता धरणाचे पाणी आले असताना पंचगंगेची पाळी येऊ नये, ही चिंता अनाठायी नाही. स्रोतांची ही साखळी तुटत जाणे म्हणजे केवळ वारशाची हानी नव्हे. साडेपाच लाखांवर लोकसंख्येचे शहर एकाच लांब वाहिनीवर, एकाच उपसा केंद्रावर आणि त्याला मिळणाऱ्या वीजपुरवठ्यावर अवलंबून राहिले, तर एखाद्या ठिकाणचा बिघाड संपूर्ण शहराचा बिघाड ठरतो. म्हणून जुने स्रोत राखीव म्हणून जिवंत ठेवणे हा शाश्वततेचा पहिला नियम मानला पाहिजे.

पाण्याच्या उपलब्धतेचा हिशेब मांडला की हे सूत्र अधिक ठळक होते. शहराने दररोज दहा कोटी लिटर, म्हणजे अभियंत्यांच्या परिभाषेत १०० एमएलडी, पाणी घेतले असे समजल्यास वर्षाची गरज सुमारे १.३ टीएमसी भरते. एकट्या राधानगरी धरणाच्या क्षमतेचा हा सहावा भागही होत नाही. तेव्हा शहराचा पाणीप्रश्न मुळात साठ्याचा नाही. तो पाण्याच्या गुणवत्तेचा, वितरणाचा आणि परतफेडीचा आहे, आणि पुढील मांडणी याच क्रमाने करणे सोयीचे ठरेल.

गुणवत्तेचा विचार शुद्धीकरण केंद्रापासून सुरू होतो. कच्चे पाणी प्रथम पायऱ्यांवरून खाली सोडून हवेशी मिसळले जाते. त्यात तुरटी घातली जाते, जिच्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या बनतात. या गुठळ्या निवळण टाकीत तळाशी बसतात, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी क्लोरिनने निर्जंतुक केले जाते. तुरटी किती घालायची हे दररोज ठरवावे लागते. त्यासाठी केंद्रातील प्रयोगशाळेत एका रांगेत ठेवलेल्या काचपात्रांत त्या दिवशीचे कच्चे पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा घातली जाते आणि यांत्रिक पात्यांनी ती आधी जोरात व मग संथपणे ढवळली जातात. ज्या पात्रात गुठळ्या सर्वांत लवकर बसून पाणी नितळ होते, त्याची मात्रा त्या दिवशी वापरली जाते. जूनच्या पहिल्या पुरात लाल पाणी आले की ही मात्रा वाढवावी लागते, आणि धरणातील स्थिर पाणी नदीच्या पाण्यापेक्षा कमी गढूळ असल्याने ती बरीच कमी होऊ शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची गढूळता एक एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळता मोजण्याचे एकक) असावी आणि ग्राहकाच्या नळाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा. यांपैकी दुसरी अट विशेष महत्त्वाची आहे, कारण केंद्रात शुद्ध झालेले पाणी वाटेत दूषित होणार नाही याची हमी तीच देते.

वितरण ही या शृंखलेतील सर्वांत दुर्लक्षित कडी आहे. बहुतेक भारतीय शहरांप्रमाणे येथेही पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला कोणत्या गल्लीत केव्हा पोहोचतो यावर घराघरांतील सकाळ ठरते. या पद्धतीचा खरा धोका गैरसोयीपेक्षा गंभीर आहे. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, तिच्यातील दाब भोवतालच्या दाबापेक्षा खाली जातो आणि जुन्या सांध्यांतील फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी नळाला सुरुवातीला येणारे काळपट पाणी हा त्याचाच परिणाम असतो. वाहिनी सतत भरलेली असेल तर फटीतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. चोवीस तास पाणीपुरवठ्याची कल्पना चैनीची वाटत असली तरी तिचा पाया आरोग्यशास्त्रीय आहे.

गळती ही याच प्रश्नाची दुसरी बाजू होय. शंभर एमएलडी पाण्यातील तीस टक्के वाटेत गळते किंवा मोजलेच जात नाही असे उदाहरणादाखल धरले, तर रोज तीन कोटी लिटर पाणी वाया जाते. माणशी १३५ लिटर या प्रचलित मानकाने ते सव्वादोन लाख लोकांना पुरले असते. त्यात विजेचाही हिशेब आहे. दहा कोटी लिटर पाणी पन्नास मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या नियमाने किमान साडेतेरा हजार युनिट वीज लागते आणि पंप-मोटारींची कार्यक्षमता सत्तर टक्के धरल्यास हा आकडा वीस हजारांच्या जवळ जातो. गळणारे पाणी उचललेले आणि शुद्ध केलेले असते. त्याच्याबरोबर वीज, तुरटी आणि क्लोरिनही जमिनीत जाते. केंद्र शासनाच्या सेवा-मानकांत महसूल न मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत असावे असे म्हटले आहे. हे साध्य होऊ शकते याचा पुरावा कोल्हापूरहून फार दूर नाही. सातारा जिल्ह्यातील, कराडला लागून असलेल्या मलकापूरने प्रत्येक जोडणीला मीटर बसवून आणि वापर वाढेल तसा दर वाढवून चोवीस तास पाण्याची योजना यशस्वी केली. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे १९९३ मध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक असलेले अशा पाण्याचे प्रमाण पुढील दोन दशकांच्या आत सहा टक्क्यांच्या आसपास आणण्यात आले, आणि तेही यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात. दोन्ही ठिकाणी यशाचे मूळ सारखेच दिसते: प्रत्येक टप्प्यावर पाणी मोजणे, आणि मोजल्यावर वसुलीत भेदभाव न करणे.

परतफेडीचा, म्हणजे सांडपाण्याचा, प्रश्न नैतिकदृष्ट्या सर्वांत कठोर आहे. घरात आलेल्या पाण्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असे अभियांत्रिकीत मानले जाते. पुरवठा वाढला की सांडपाणी त्याच प्रमाणात वाढते, हे नव्या योजनांच्या उत्साहात विसरले जाते. कसबा बावडा येथे ७६ एमएलडी आणि दुधाळी येथे १७ एमएलडी क्षमतेची प्रक्रिया केंद्रे उभी आहेत, परंतु केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत पोहोचणारे पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. शहरातील जयंती नाल्याचे पाणी उपसून बावड्याला न्यावे लागते. उपसा थांबला, वीज गेली किंवा नाल्याला पावसाचा लोंढा आला की ते थेट पंचगंगेत मिसळते. नाले अडवणे ही तात्पुरती सोय असून प्रत्येक घराची जोडणी असलेले बंदिस्त गटार हाच पायाभूत उपाय आहे. बालिंगा आणि शिंगणापूर ही उपसा केंद्रे शहराच्या नाल्यांच्या वरच्या अंगाला असल्याने कोल्हापूरला आजवर इतरांची घाण सोसावी लागली आणि थेट पाइपलाइनने त्यातून त्याची सुटका झाली. शहराच्या खाली असलेल्या गावांपुढे मात्र तसा पर्याय नाही. २०१२ साली इचलकरंजीत पसरलेल्या काविळीच्या साथीने पंचगंगेच्या प्रदूषणाची मानवी किंमत साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिली. त्या शहरानेही वारणेतून आणि पुढे दूधगंगेतून पाणी आणण्याचे प्रयत्न केले, तेव्हा त्या त्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी आपल्या हक्काच्या पाण्यासाठी विरोध केला. पंचगंगा स्वच्छ असती तर हा संघर्ष उद्भवला नसता. नदी बिघडवून प्रत्येक शहराने दुसऱ्याच्या नदीवर जायचे, या वाटेचा शेवट भाऊबंदकीत होतो.

हवामानाचे बदलते रूप या सर्व प्रश्नांना नवी धार देत आहे. शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन मोटारी व विद्युत यंत्रणा बंद पडल्या आणि चहूकडे पाणीच पाणी असताना नागरिकांना टँकरच्या रांगेत उभे राहावे लागले. याचा अर्थ विजेचे पॅनेल, मोटारी व प्रक्रिया केंद्रे किती उंचीवर असावीत हे जुन्या पूररेषेवर विसंबून ठरवता येणार नाही; आणि पूर सामावून घेणारी उरलीसुरली तळी व नदीकाठची मोकळी जमीन हीदेखील जलव्यवस्थेचाच भाग मानून राखावी लागेल.

वाढीचा प्रश्न प्रशासनाच्या चौकटीशी निगडित आहे. महानगरपालिका स्थापन झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही. पण वस्ती हद्दीपाशी थांबलेली नाही. पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी या गावांची वाढ शहराचीच वाढ आहे, मात्र त्यांच्या पाणीयोजना आणि सांडपाण्याची जबाबदारी वेगवेगळ्या संस्थांकडे विभागलेली आहे. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, तरी हद्दवाढीचा वाद सुरूच राहिला. पाण्याला हद्द कळत नाही. कळंब्याच्या पाणलोटातील बांधकाम ग्रामपंचायतीच्या परवानगीने झाले तरी त्याचा परिणाम शहराच्या तलावावर होतो. म्हणून हद्दीचा निर्णय काहीही होवो, पाणी व सांडपाण्याचे नियोजन संपूर्ण नागरी क्षेत्रासाठी एकत्र होणे अपरिहार्य आहे.

अखेरीस पैशाचा विचार येतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा नगरपालिकांच्या कार्यसूचीतील विषय झाला, परंतु त्यासाठीचे भांडवल बव्हंशी केंद्र व राज्याच्या योजनांतूनच येते. अनुदानातून जलवाहिनी उभी राहते. तिचे वीजबिल, गळतीची दुरुस्ती, चावीवाल्याचा पगार आणि वीस वर्षांनी करावी लागणारी मोटारींची बदली यांसाठी अनुदान येत नाही. तो भार पाणीपट्टीनेच उचलायचा असतो. गरीब कुटुंबाला जीवनावश्यक पाणी माफक दरात मिळावे, जास्त वापरणाऱ्याने जास्त मोजावे आणि जमा झालेली पाणीपट्टी पाण्यावरच खर्च व्हावी, ही त्रिसूत्री लोकांना उघड हिशेबासह समजावून सांगितली तर ती मान्य होणार नाही असे मानण्याचे कारण नाही. पाण्यासाठी दीर्घकाळ आंदोलन करणारे शहर पाण्याच्या हिशेबाबाबत उदासीन असणे संभवत नाही.

प्रस्तुत विषयाचा अभ्यास करणाऱ्या वाचकाने म्हणूनच नव्या योजनेचे मूल्यमापन तिच्या लांबीवरून, खर्चावरून किंवा उद्घाटनाच्या तारखेवरून करू नये. पाणी शेवटच्या नळापर्यंत सुरक्षित पोहोचते का, वाटेत किती हरवते, जुने स्रोत वापरण्याजोगे उरतात का, पुराच्या आठवड्यात व्यवस्था चालू राहते का, आणि राजाराम बंधाऱ्याखालून वाहणारे पंचगंगेचे पाणी पुढच्या गावाला घेता येते का, हे पाच प्रश्न दरवर्षी विचारले गेले आणि त्यांची उत्तरे आकड्यांसह जाहीर झाली, तर कोल्हापूरची जलव्यवस्था शाश्वततेच्या वाटेला लागली असे म्हणता येईल. राधानगरीचे धरण ज्या पिढीने आरंभिले तिच्यातील अनेकांना ते पूर्ण झालेले पाहता आले नाही. तरीही त्यांनी आरंभ केला, कारण ते काम पुढच्यांसाठी आहे याची जाणीव त्यांना होती. आजच्या पिढीच्या वाट्याला नवे धरण बांधण्याचे काम आलेले नाही. जे बांधले आहे ते चालते ठेवणे आणि जे घेतले आहे ते स्वच्छ करून परत देणे, हे तिचे काम आहे, आणि ते तितक्याच मोलाचे आहे.